बंद झालेलं बिल पुन्हा का हलतं? गो मधल्या ॲग्रिगेटची गळती शोधताना

आधी लक्षण सांगते. दूध संकलनाच्या एका सॉफ्टवेअरवर आमची टीम काम करते. उत्पादकाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. त्यात सकाळ-संध्याकाळच्या दुधाच्या नोंदी असतात, त्यातून पशुखाद्याचे पैसे आणि उचलीचा हप्ता कापला जातो आणि उरलेली रक्कम खात्यावर जाते. बिलाचे नियम दोनच. कपात दुधाच्या रकमेपेक्षा जास्त होता कामा नये. बिल एकदा बंद केलं की त्यातला आकडा हलता कामा नये.

तरीही दर दहा दिवसांनी दोन-तीन बिलं बिघडायची. एक तर माझ्या अजून डोळ्यासमोर आहे: दुधाचे ३,८४० रुपये, पशुखाद्य १,४५०, उचलीचा हप्ता २,०००. हाती यायचे ३९०. बिल बंद झालं, कागदावर छापलंही गेलं. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर तेच बिल उणे १,०६० दाखवत होतं, कारण खाद्याचं आणखी एक पोतं बंद बिलात जाऊन बसलं होतं. ज्या माणसाने रोज पहाटे उठून दूध घातलं, त्याच्या हाती आपण उणे रकमेचं बिल देतो आहोत, हे मला फार लागलं.

नियम तपासणारा कोड होता आणि त्याची टेस्टही पास होत होती. आम्ही तीनदा दुरुस्ती केली आणि तीनदा तीच तक्रार परत आली. तुमच्याकडे गो या प्रोग्रॅमिंग भाषेत डोमेन-ड्रिव्हन डिझाइन (व्यवसायाचे शब्द आणि नियम कोडच्या केंद्रस्थानी ठेवायची पद्धत) वापरताना असंच काही होत असेल, तर ही गळती कुठून होते ते मी आम्हाला सापडलं त्याच क्रमाने लिहिते आहे. आमच्या कोडमधली नावं रोमन लिपीत आहेत, इथे ती देवनागरीत देते.

आधी एक मोजणी लावा

कोडला हात लावण्याआधी डेटाबेसवर एक साधी क्वेरी रोज रात्री चालवा. नोंदींची बेरीज बिलाच्या एकूण रकमेशी जुळत नाही अशी बिलं किती? निव्वळ रक्कम शून्याखाली गेलेली किती? बंद केल्याच्या वेळेनंतर ज्यांची शेवटची बदल-वेळ आहे अशी किती? हे तीन आकडे वेगवेगळे ठेवा, एकत्र करू नका. पहिला आकडा चढला तर मेमरीत किंवा सेव्ह करताना काहीतरी बिघडतंय. तिसरा चढला तर कोणीतरी नियमाला वळसा घालून थेट लिहितंय. ही क्वेरी आम्ही पहिल्याच दुरुस्तीच्या वेळी लावायला हवी होती. ती नसल्यामुळे प्रत्येक वेळी समस्या मिटल्याची बातमी आम्हाला फोन न आल्यावरून कळायची.

पहिली गळती: भिंत टाइपला नसते, पॅकेजला असते

एरिक इव्हान्स यांनी २००३ साली डोमेन-ड्रिव्हन डिझाइन ही पद्धत मांडली तेव्हा ॲग्रिगेटची कल्पना अशी होती: ज्या गोष्टींचे नियम एकमेकांत गुंतलेले आहेत त्यांचा एक गट करा, आणि बाहेरच्यांनी त्या गटातल्या मुख्य वस्तूशीच बोलावं. जावा किंवा सी-शार्पमध्ये ही भिंत क्लासला असते. प्रायव्हेट फील्ड दुसऱ्या क्लासला दिसत नाही. गो मध्ये असा काही शब्दच नाही. नाव कॅपिटल अक्षराने सुरू झालं तर ते पॅकेजबाहेर (पॅकेज म्हणजे एका फोल्डरमधल्या कोडच्या फाइलींचा गट) दिसतं, नाहीतर दिसत नाही. आत मात्र सगळ्यांना सगळं दिसतं.

आमच्याकडे 'डोमेन' नावाचं एकच पॅकेज होतं. त्यात बिल, उत्पादक, दरपत्रक, उचल, खाद्य विक्री, सगळं नांदत होतं. पहिल्या दुरुस्तीत आम्ही बिलाची सगळी फील्ड स्मॉल अक्षराची केली आणि निर्धास्त झालो. पण खाद्य विक्रीचा कोड त्याच पॅकेजात होता. तो बिलाच्या कपातींच्या यादीत थेट भर घालत होता आणि कंपायलरला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. ते जास्तीचं पोतं तिथूनच शिरलं.

निदान सोपं आहे. बिल वेगळ्या पॅकेजात हलवा, फील्ड स्मॉल ठेवा आणि बिल्ड करा. आधी ते पॅकेज स्वतः बिल्ड होऊ द्या, कारण ते मोडलेलं असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेली पॅकेजं तपासलीच जात नाहीत. मग पूर्ण प्रोजेक्ट. कंपायलर दहा चुका दाखवून थांबतो, म्हणून बिल्डच्या 'जीसीफ्लॅग्ज' या पर्यायात 'उणे-ई' द्या म्हणजे पूर्ण यादी मिळेल. टेस्टच्या फाइली साध्या बिल्डमध्ये येत नाहीत, त्यांच्यासाठी 'गो व्हेट' (गो सोबत येणारं कोड तपासायचं साधन) चालवा. आमची यादी सत्तेचाळीस ओळींची निघाली. ती ओळ न ओळ वाचा, घाईने दुरुस्त करू नका. बिलाचा नियम बाहेर कुठे कुठे लिहिला गेलाय त्याचा तो नकाशा आहे.

इथे एक दार उघडंच राहतं. फील्ड स्मॉल असली तरी बाहेरचा कोणीही रिकामं बिल तयार करू शकतो: नुसतं टाइपचं नाव आणि रिकामा महिरपी कंस. कन्स्ट्रक्टर वापराच अशी सक्ती गो करत नाही. म्हणून शून्य-मूल्याचं बिल हे 'न बनलेलं बिल' आहे असं धरून चाला. स्थितीचे आकडे शून्याऐवजी एकपासून सुरू करा (गो मधला शून्यापासून मोजणारा आयोटा, अधिक एक) आणि प्रत्येक मेथडने पहिल्याच ओळीत स्थिती शून्य असेल तर एरर द्यावी. आमच्याकडे 'उघडं' ही स्थिती शून्य होती. त्यामुळे चुकून बनलेलं रिकामं बिल चांगलं उघडं बिल म्हणून मिरवत होतं.

पॅकेजं वेगळी केली की सायकल येते

हा टप्पा जवळजवळ प्रत्येकाला लागतो. बिल वेगळं, उत्पादक वेगळा केला आणि कंपायलर म्हणाला, 'इम्पोर्ट सायकल नॉट अलाउड'. उत्पादकाकडे त्याच्या बिलांची यादी होती, बिलाकडे उत्पादकाचा पॉइंटर होता.

इथे बहुतेक जण 'कॉमन' किंवा 'टाइप्स' नावाचं पॅकेज काढून दोन्ही टाइप त्यात टाकतात. सायकल जाते, आणि वर सांगितलेली भिंतही त्याच्याबरोबर जाते. असं करू नका. ती एरर तुमच्या मॉडेलबद्दल काहीतरी सांगते आहे, तिचं ऐका: दोन ॲग्रिगेट एकमेकांना पोटात घेऊन बसले आहेत. बिलाला अख्खा उत्पादक लागतो का? आमच्या बिलाला फक्त उत्पादकाचा क्रमांक आणि पैसे जमा करण्याचा खातेक्रमांक हवा होता. क्रमांकासाठी वेगळा टाइप केला, नुसती स्ट्रिंग ठेवली नाही. खातेक्रमांक बिल बंद करताना मूल्य म्हणून उतरवून घेतला. यातून एक जुनी तक्रारही आपोआप मिटली. उत्पादकाने खातं बदललं की जुन्या बिलांवरही नवं खातं दिसायचं. आता दिसत नाही.

दोघांचाही नसलेला नियम राहतो. उचलीतून किती वळती करायची हे बिलाच्या रकमेवरही ठरतं आणि उचलीच्या बाकीवरही. तो आम्ही 'वसुली' नावाच्या तिसऱ्या पॅकेजात ठेवला. वसुली दोघांना इम्पोर्ट करते, ते दोघे तिला ओळखत नाहीत. रिपॉझिटरीचा (डेटाबेसातून बिल वाचणाऱ्या-साठवणाऱ्या कोडचा) इंटरफेस, म्हणजे त्यातल्या मेथडची यादी, ज्याला वापरायचा आहे त्याच्या बाजूला लिहा. गो मध्ये इंटरफेस पाळणाऱ्याला त्याचं नाव घ्यावं लागत नाही, त्यामुळे डेटाबेसचा कोड डोमेनकडे बघतो, डोमेन डेटाबेसकडे बघत नाही.

दुसरी गळती: जेसन रिकामं आलं म्हणून कोणीतरी फील्ड पुन्हा कॅपिटल केली

तक्रार परत येण्याचं खरं कारण हे होतं, म्हणून यावर जरा थांबते.

मोबाइल ॲपला बिल जेसनमध्ये (माहिती पाठवायच्या मजकुराच्या साच्यात) जातं. फील्ड स्मॉल केल्यावर ॲपला बिलाच्या जागी नुसता रिकामा कंस मिळायला लागला. गो चं जेसन पॅकेज एक्स्पोर्ट न झालेल्या फील्डना हातच लावत नाही, आणि त्याबद्दल एररही देत नाही. संध्याकाळचं संकलन सुरू व्हायला तासभर होता. टीममधल्या एकाने फील्ड कॅपिटल केली, ॲप चालू झालं, सगळ्यांनी सुस्कारा सोडला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण त्या क्षणी भिंत पडली, आणि दोन महिन्यांनी सेटिंग्जच्या एका नव्या स्क्रीनने त्याच फील्डमध्ये थेट लिहायला सुरुवात केली.

बिलाने जेसन आणि डेटाबेस या दोन्हींची ओळखच ठेवू नये, हा यावरचा इलाज. हँडलरजवळ (ॲपच्या रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडजवळ) एक वेगळं स्ट्रक्ट, म्हणजे फील्डचा गट, त्यात सगळी फील्ड कॅपिटल आणि जेसनचे टॅग. रिपॉझिटरीजवळ टेबलच्या ओळीसारखं दुसरं स्ट्रक्ट. बिलाच्या पॅकेजात दोन फंक्शन: एक बिलाची वाचायची प्रत बाहेर देतं, दुसरं साठवलेल्या माहितीतून बिल पुन्हा उभं करतं. एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहावी लागते, ही तक्रार मला मान्य आहे. तरी मी हेच करा म्हणेन. ती तिप्पट टायपिंग दिसते, मोजता येते. फुटलेला नियम महिनोन् महिने दिसत नाही.

'गो व्हेट' इथे मदत करतं. स्मॉल फील्डवर जेसनचा टॅग राहिला असेल तर ते तसं सांगतं. बिल्डच्या पायरीत ते सक्तीचं करा.

पुन्हा उभं करणाऱ्या फंक्शनमध्ये आम्ही एक चूक केली, तीही सांगते. त्यात नवीन बिलाचेच सगळे नियम लावले. मध्यंतरी कपातीची मर्यादा बदलली होती, त्यामुळे मागच्या वर्षीची बरोबर असलेली बिलं उघडेनाशी झाली. डेटाबेसातून येणारं बिल नव्याने बनत नसतं, ते आधीच घडून गेलेलं असतं. तिथे फक्त बेरीज जुळते का, स्थिती ओळखीची आहे का एवढंच तपासा. धोरणाचे नियम ज्या कृतीचे आहेत त्या कृतीजवळ ठेवा.

तिसरी गळती: स्लाइस

आता भिंत पक्की झाली होती. तरीही रात्रीच्या क्वेरीचा पहिला आकडा अधूनमधून एक-दोनवर जायचा. नोंदींची बेरीज आणि एकूण रक्कम यात फरक.

बिलावर 'नोंदी' नावाची मेथड होती, ती आतली स्लाइस जशीच्या तशी बाहेर द्यायची. स्लाइस म्हणजे खालच्या ॲरेकडे बोट दाखवणारं एक छोटं शीर्षक. ते बाहेर दिलं की ॲरे बाहेर दिला. 'दर बदलला तर बिल किती होईल' असा एक अंदाज दाखवणारा स्क्रीन होता. तो लिहिणाऱ्याने काळजीपूर्वक बिलाची प्रत काढली होती, पॉइंटरसमोर तारा लावून नव्या व्हेरिएबलमध्ये. मग प्रतीच्या नोंदी घेऊन प्रत्येक नोंदीचा दर लूपमध्ये, इंडेक्स वापरून बदलला. स्ट्रक्टची प्रत निघाली, पण त्यातल्या स्लाइसचा ॲरे तोच राहिला. अंदाजाचे दर मूळ बिलाच्या नोंदींत गेले, एकूण रक्कम जुनीच राहिली, आणि त्याच रिक्वेस्टमध्ये पुढे बिल सेव्ह होत होतं. अंदाज कोणी पाहिला तरच बिघाड व्हायचा, म्हणून तो इतके दिवस पकडता आला नव्हता.

बाहेर देताना 'स्लाइसेस' पॅकेजातलं 'क्लोन' वापरा. ते गो च्या १.२१ आवृत्तीपासून स्टँडर्ड लायब्ररीत आहे. कन्स्ट्रक्टरमध्ये बाहेरून आलेली स्लाइस आत ठेवतानाही क्लोन करा, कारण ती देणाऱ्याच्या हातात अजून असते. पण क्लोन वरवरचं असतं. नोंदी पॉइंटर असतील तर नव्या स्लाइसमध्येही तेच पॉइंटर येतात. नोंद ही मूल्य-वस्तू आहे, ती पॉइंटरशिवाय ठेवा. १.२३ पासून इटरेटर (एकेक नोंद हातात देणारं फंक्शन) देता येतो. वाचणाऱ्याला फक्त एकेक नोंद पाहायची असेल तर तो मला जास्त आवडतो, स्लाइस हातात पडतच नाही.

पैशांचंही इथेच उरकते. रक्कम फ्लोटमध्ये ठेवू नका, पैशांत मोजलेला पूर्णांक ठेवा. गो मध्ये यावर टेस्ट फसवते. ०.१ अधिक ०.२ असं थेट लिहिलं तर उत्तर बरोबर ०.३ येतं, कारण स्थिरांकांचं गणित कंपायलर अचूक करतो. तेच आकडे फ्लोट-६४ व्हेरिएबलमध्ये घातले की ०.३ च्या शेवटी चुकीच्या दशांशांचं ते ओळखीचं शेपूट निघतं. आमच्या टेस्टमध्ये स्थिरांक होते.

दोघांनी एकाच वेळी उघडलेलं बिल

तिसरा आकडा, म्हणजे बंद झाल्यानंतर बदललेली बिलं, अजून पूर्ण शून्यावर आला नव्हता. संकलन केंद्रावर एक जण बिल बंद करत असतो, त्याच वेळी कार्यालयात दुसरा खाद्याची कपात टाकत असतो. दोघांनी बिल वाचलं तेव्हा ते उघडं होतं. दोघांच्या मेमरीत नियम पाळला गेला. शेवटी सेव्ह करणाऱ्याने आधीच्याचं पुसलं.

म्यूटेक्सने (एका प्रोसेसच्या आतल्या कुलपाने) हे थांबत नाही, दोन प्रोसेस वेगळ्या मशिनवर असतात. रेस डिटेक्टरही गप्प राहतो, तो एका प्रोसेसच्या मेमरीतली चढाओढ पाहतो. टेबलमध्ये आवृत्तीचा कॉलम घाला. अपडेट करताना 'जिथे क्रमांक हा आणि आवृत्ती मी वाचली तीच' अशी अट लावा, सोबत आवृत्ती एकने वाढवा, आणि किती ओळी बदलल्या ते पाहा. शून्य असेल तर कोणीतरी आधी पोचलंय. एरर द्या, बिल पुन्हा वाचा, कृती पुन्हा करून पाहा. दुसऱ्या वेळी बिल बंद दिसेल आणि नियम आपलं काम करेल. नोंदींचं टेबल वेगळं असलं तरी आवृत्ती बिलाचीच तपासा आणि सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा.

हे करताना रिपॉझिटरीत 'कपात अपडेट करा', 'स्थिती बदला' अशा मेथड दिसल्या तर काढून टाका. त्या ॲग्रिगेटला न विचारता थेट टेबलात लिहितात. वाचा आणि साठवा, एवढ्या दोन पुरतात. अहवालांसाठी वेगळं वाचन ठेवायला हरकत नाही, तिथे ॲग्रिगेट उभं करायचीही गरज नसते.

शब्दच चुकला होता

एवढं झाल्यावरही दिवाळीच्या सुमारास उणे बिलं पुन्हा आली. या वेळी कोडमध्ये एकही गळती नव्हती. बिलात 'ॲडजस्टमेंट' नावाची एक यादी होती. उचलीचा हप्ता, खाद्य, चुकीच्या फॅटची दुरुस्ती, सगळं त्यातच. दिवाळीला संस्था वर्षभराच्या दुधावर दर फरक देते. तो कोणीतरी उणे चिन्हाची ॲडजस्टमेंट म्हणून घातला. आमचा नियम ॲडजस्टमेंटची बेरीज दुधाच्या रकमेशी ताडून पाहत होता. दर फरकाने बेरीज खाली आली, म्हणून नियमाने जास्तीची उचल वळती होऊ दिली. पुढे दर फरक वेगळ्या पेमेंटने गेला आणि तो बिलातून काढल्यावर बिल उणे झालं.

मी संस्थेच्या सचिवांकडे जाऊन बसले. त्यांनी वही उघडून दाखवली. "मॅडम, दर फरक कपातीत कशाला धरता? ते वर्षाच्या दुधावरचं देणं आहे, या दहा दिवसांचा त्याच्याशी संबंध नाही. आणि फॅटची दुरुस्ती म्हणजे नोंदच बदलते की." त्यांच्या वहीत या तीन गोष्टींसाठी तीन वेगळी पानं होती. आमच्या कोडमध्ये एक यादी होती.

त्यानंतर ॲडजस्टमेंट हा शब्द कोडमधून गेला. कपात हा वेगळा टाइप झाला आणि त्याचा कन्स्ट्रक्टर शून्य किंवा उणे रक्कम घेतच नाही. फॅटची दुरुस्ती ही नोंदीवरची कृती झाली, बंद बिलावर ती चालत नाही. दर फरक बिलाच्या पॅकेजातून बाहेर पडला, त्याचं स्वतःचं पॅकेज झालं.

सचिवांचेच शब्द कोडमध्ये जसेच्या तसे, देवनागरीत लिहायचा मी मनापासून प्रयत्न केला. गो चा सोर्स युनिकोड असतो, तरी जमलं नाही. 'उचल' आणि 'दर' चालतात, कारण त्यांत नुसती अक्षरं आहेत. 'कपात' आणि 'बिल' चालत नाहीत: काना आणि वेलांटी युनिकोडमध्ये अक्षर म्हणून धरले जात नाहीत, चिन्ह म्हणून धरले जातात, आणि गो च्या नावांत चिन्हं बसत नाहीत. 'उचल' चाललं तरी देवनागरीला कॅपिटल नसल्यामुळे ते पॅकेजबाहेर दिसत नाही. म्हणून नावं रोमन लिपीत, पण शब्द मराठीच ठेवले. भाषांतर केलं नाही.

कॉमेंटला मात्र अशी काही अडचण नाही. प्रत्येक पॅकेजात एक 'डॉक' फाइल आहे, तिच्या सुरुवातीला त्या पॅकेजातले शब्द आणि नियम मराठीत लिहिलेले आहेत: कपात म्हणजे काय, बिल बंद होतं म्हणजे नेमकं काय होतं, त्यानंतर काय चालत नाही. ती पानं छापून मी सचिवांना वाचायला दिली. त्यांनी पेनाने दोन ठिकाणी खुणा केल्या. एक खूण उचलीच्या हप्त्यावर होती: बिलात पैसे पुरत नसतील तर हप्ता कापलाच जात नाही, पुढच्या बिलावर ढकलला जातो. आमचा कोड तो अर्धा कापत होता.